५५०० की ५६००? गार्गीस पत्र

अकोला

चि. गार्गीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. दुकान बंद केल्यावर निवांत बसून वाचली. तयार मशीन न उचलता तू स्वतः एकेक भाग निवडून असेंबल करणार आहेस, याचा मला फार आनंद झाला. यादी चांगली केली आहेस. फक्त प्रोसेसरपाशी मी थांबलो, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितो आहे. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि अर्धं राहून जातं.

तुझं म्हणणं असं की एएमडीचा रायझेन ५ ५५०० घ्यायचा, तो ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवून, ५६०० च्या बरोबरीला आणायचा आणि वाचलेल्या पैशांत मोठी एसएसडी घ्यायची. तुझ्या सीनियरने सांगितलंय की दोन्हींत सहा कोअर (काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, एक ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, दुसरा ४.४ पर्यंत, आणि मधला फरक बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून, भरून निघतो. त्या मुलाने अभ्यास केला आहे, त्याचे आकडे बरोबर आहेत. पण या दोन प्रोसेसरांतला खरा फरक गिगाहर्ट्झचा नाही, कॅशचा आहे, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचा.

५६००जी नावाचा एक प्रोसेसर येतो, त्याच्या चिपमध्येच ग्राफिक्स असतं. तीच चिप, ग्राफिक्स बंद करून विकली की ५५०० होते. म्हणून ५५०० मध्ये एल-३ कॅश १६ एमबी आहे. ५६०० ची चिप निराळी, तिच्यात ३२ एमबी. प्रोसेसरला लागणारी माहिती कॅशमध्ये सापडली तर काम पुढे सरकतं. नाही सापडली तर रॅमपर्यंत जावं लागतं, आणि तिथे जाऊन यायला साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद जातात. ऐकायला हे काहीच नाही. पण ४.४ गिगाहर्ट्झवर तेवढ्या वेळात क्लॉकचे तीनशेहून जास्त ठोके पडतात, आणि त्या कोअरचे त्यातले बरेचसे नुसते वाट पाहण्यात जातात. क्लॉक वाढवलास तरी रॅम तेवढाच वेळ घेते, फुकट जाणारे ठोके मात्र वाढतात. ओव्हरक्लॉकने चिपमध्ये जे आहे ते जोरात पळतं. जे नाही ते कुठल्याही सेटिंगने येत नाही.

तुझ्या कामाचं बघ. व्ही-रेमध्ये प्रोसेसरवर रेंडर लावलंस, म्हणजे मॉडेलवरून चित्र बनवायला घेतलंस, तर ५५०० आणि ५६०० मध्ये फार अंतर पडणार नाही, तिथे कोअर आणि क्लॉकच जास्त चालतात. तेवढ्यापुरता तुझा सीनियर बरोबर आहे. पण तू बिल्डिंगचे वॉकथ्रू, म्हणजे इमारतीतून फिरल्यासारखी दृश्यं, करतेस, आणि ते काम जवळजवळ गेमसारखंच असतं: दर क्षणी नवं दृश्य, कॅशवर सतत ताण. गेममध्ये या दोघांतला फरक स्पष्ट दिसतो. (गेम तू खेळणार हेही मला ठाऊक आहे, खुशाल खेळ.) शिवाय पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची जोडणी, ५५०० ला ३.० आहे, ५६०० ला ४.०. दादा देतोय त्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला त्याने काही बिघडत नाही, पण पुढे कमी लेनचं, म्हणजे डेटाच्या कमी वाटा असलेलं, स्वस्त कार्ड घेतलंस तर ३.० वर ते अडेल.

ही गोष्ट आजची नाही. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात काम शिकत होतो तेव्हा तिथल्या प्रत्येक पोराच्या तोंडी एकच नाव असायचं, सेलेरॉन ३००ए. इंटेलने एप्रिल १९९८ मध्ये पहिला सेलेरॉन काढला, २६६ मेगाहर्ट्झचा, आणि किंमत कमी ठेवायला त्यातली एल-२ कॅश साफ काढून टाकली. तोही ओव्हरक्लॉक व्हायचा, ४०० पर्यंत सहज. पण ऑफिसच्या साध्या कामात तो रडायचाच, कारण कॅश नव्हती. ऑगस्टमध्ये ३००ए आला. त्यात १२८ केबी कॅश होती, आणि ती चिपच्या आत होती, म्हणजे प्रोसेसरच्याच वेगाने चालायची. महागड्या पेंटियम टूमध्ये कॅश ५१२ केबी होती, पण चिपच्या बाहेर आणि निम्म्या वेगाची. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा (बोर्डाशी जोडणाऱ्या वाटेचा) वेग गुणिले मल्टिप्लायर. ३००ए चा मल्टिप्लायर ४.५, बस ६६ मेगाहर्ट्झ. बस १०० केली की झाला ४५०, आणि कॅशही त्याच्याबरोबर ४५० ने पळायला लागायची. अमेरिकेत तेव्हा सेलेरॉन ३००ए १४९ डॉलरला होता आणि पेंटियम टू ४५० हा ६६९ डॉलरला.

काही बोर्डांत बस बदलायची सोय नसे, तर प्रोसेसरच्या कार्डावरची बी२१ ही पिन चिकटपट्टीने झाकायची, मग बोर्डाला वाटायचं की हा १०० मेगाहर्ट्झचाच माल आहे. आणि ८३ न करता १०० च का करायचे, त्यालाही कारण होतं. १०० वर बोर्ड पीसीआयसाठी, म्हणजे डिस्क आणि कार्डांच्या वाटेसाठी, बसचा तिसरा हिस्सा घ्यायचा, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झच राहायचे आणि हार्ड डिस्क, साउंड कार्ड सुरळीत चालायचं. ८३ वर निम्मा हिस्सा घेतला की पीसीआय ४१ च्या वर जायची आणि डिस्कवरचा डेटा धोक्यात यायचा. त्या काळात ओव्हरक्लॉक करणाऱ्या माणसाला हे सगळं माहीत असावं लागे. म्हणून मला हा विषय आवडतो, तो मशीन आतून वाचायला लावतो.

कोअरचंही तसंच आहे. २०१४ मध्ये इंटेलने पेंटियम जी३२५८ आणला, ७२ डॉलरचा, दोन कोअरचा, मल्टिप्लायर मुद्दाम खुला ठेवलेला. ३.२ चा माणसं ४.२, ४.५ पर्यंत न्यायची. लोकांनी भरभरून घेतला. पण थोड्याच दिवसांत चार थ्रेड मागणारे गेम आले आणि काही तर त्याच्यावर सुरूच होईनात. म्हणून तुझ्या यादीतला तिसरा, आय३ १२१००एफ, मी बाजूला ठेवला. एकेका कोअरचा विचार केला तर तो फार चांगला आहे, नुसतं गेमिंग असतं तर मीच सुचवला असता. पण कोअर चारच, रेंडरला कमी पडतील, आणि त्याचा मल्टिप्लायर कुलूपबंद आहे. इंटेलमध्ये खुल्या मल्टिप्लायरसाठी नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा बोर्ड लागतो. त्या बोर्डाच्या जादा पैशांत वरचा प्रोसेसर येतो.

आता ओव्हरक्लॉककडे येतो. तो करूच नको असं मी म्हणत नाही. उलट कर, पण उष्णतेचं गणित मांडून कर.

प्रोसेसरची वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा सगळे कोअर ४.२ वरून ४.५ ला न्यायला तुला व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं. क्लॉक सात टक्के वाढला. व्होल्टेज साडेबारा टक्के, त्याचा वर्ग केला की साडेसव्वीस. दोन्हींचा गुणाकार केला तर वीज जवळपास ३६ टक्के जास्त. सात टक्के वेगासाठी छत्तीस टक्के उष्णता! ५६०० ला कंपनीने ७६ वॅटची मर्यादा घातली आहे. या हिशेबाने ती १०३ च्या घरात जाईल.

कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती अंश हे ठरवतो. समजा ७६ वॅटला तो चिप खोलीच्या वर ४५ अंश ठेवतो. १०३ वॅटला तेच ६१ होतील. डिसेंबरात पुण्यात खोली २० अंश असेल तर चिप ८१ वर, ठीक आहे. तेच मशीन तू मे महिन्यात घरी आणलंस, वरच्या खोलीत ४० अंश आहेत, तर १०१. आणि ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे. म्हणजे तो स्वतःच क्लॉक खाली ओढणार आणि तुझे सात टक्के तिथेच संपणार. परदेशातली माणसं बावीस अंशांच्या खोलीत बसून आकडे सांगतात, ते तसेच्या तसे विदर्भात आणू नकोस.

आणखी एक. सगळे कोअर एका आकड्यावर बांधून टाकले तर तुझं नुकसानच आहे. स्केचअपमध्ये मॉडेल करताना मुख्यतः एकच कोअर राबतो, आणि ५६०० तेव्हा स्वतःहून त्या एका कोअरला ४.४ पर्यंत चढवतो. तू सगळे ४.३ ला बांधलेस तर रेंडर थोडं लवकर होईल, पण दिवसभराचं ड्रॉइंगचं काम उलट मंदावेल. पूर्वी कंपन्या बराच वेग शिल्लक ठेवून प्रोसेसर विकायच्या, आपण तो काढून घ्यायचो. आता तो वेग प्रोसेसर स्वतःच क्षणाक्षणाला तापमान बघून वापरतो.

म्हणून तू पीबीओ वापर, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, आणि त्यातला कर्व्ह ऑप्टिमायझर. त्यात ऋण आकडा दिला की प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज थोडं कमी होतं. चिप थंड राहते, आणि थंड राहिली की आपोआप जास्त वेळ वर टिकते. सगळ्या कोअरना ऋण १० पासून सुरुवात कर, मग १५, मग २०. दोन चिपा कधी सारख्या नसतात, तेव्हा मैत्रिणीचा आकडा उचलू नकोस. आणि एक नीट लक्षात ठेव: ही सेटिंग चुकली असेल तर मशीन पूर्ण ताणाखाली नाही, हलक्या कामात पडतं, कारण तेव्हाच एखादा कोअर सगळ्यात वर चढतो. रात्रभर रेंडर टिकेल आणि सकाळी नुसता ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होईल. तेव्हा सिनेबेंच आणि प्राइम९५ या ताण देणाऱ्या चाचण्या झाल्या म्हणजे तपासणी संपली असं समजू नकोस. आठवडाभर रोजचं काम कर, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए' अशी, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद दिसली की आकडा पाचाने मागे घे. सबमिशनच्या आठवड्यात मात्र सगळं मूळ सेटिंगवर ठेवायचं. यात मला वाद नको.

हाताने व्होल्टेज वाढवायला जाऊ नकोस. जास्त व्होल्टेजने चिप एका दिवसात जळत नाही, ती हळूहळू झिजते. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या कितीतरी डेस्कटॉप प्रोसेसरांना हाच त्रास झाला. कंपनीला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. शिवाय एएमडी ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही, पीबीओसुद्धा त्यात येतं.

खरा फुकटचा वेग रॅममध्ये आहे आणि निम्मी माणसं तो सोडून देतात. १६ जीबीची एक पट्टी घेऊ नकोस, ८ च्या दोन घे, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसव. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग, चालू कर. ते केलं नाही तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दुकानात येणाऱ्या मशीनमध्ये मी हे सर्रास बघतो. रायझेनमध्ये आतली जोडणी रॅमच्या निम्म्या आकड्यावर चालते, ३२०० ला १६००, त्यामुळे रॅमचा वेग तिथे दुप्पट उपयोगी पडतो.

यादीतला ए५२० बोर्ड बदल. त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची सोय अधिकृतपणे नाही, एवढं ठरवून तू तोच बोर्ड लिहिलास. बी५५० घे. बी४५० स्वस्त मिळाला तरी चालेल (त्यावर पीसीआय एक्स्प्रेस मात्र ३.० च मिळेल), पण ५००० मालिकेसाठी बायोस अपडेट केलेला आहे का हे पुण्याच्या तापकीर गल्लीत असो की कुठे, दुकानदाराकडून बोर्ड चालू करून बघून घे. त्याच बोर्डावर उद्या आठ कोअरचा ५७००एक्स बसतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) घेऊ नकोस, ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ शिक्का असलेला वेगळा घे. एसएसडी सध्या ५०० जीबीचीच राहू दे, बोर्डात दुसरी बसवायला जागा आहे. ५६०० च्या डब्यातला कूलर सुरुवातीला पुरेल, मेच्या आधी आपण बाहेरचा टॉवर कूलर बघू.

बोर्डाचा नेमका मॉडेल नंबर ठरला की पाठव, बायोसची कुठली आवृत्ती लागेल ते मी बघून ठेवतो. प्रोसेसर बसवताना पिना खालच्या बाजूला असतात, सोन्याचा त्रिकोण जुळवायचा, दाबायचं नाही. पैसे शुक्रवारी पाठवतो. आईने आठवण काढली आहे, तिला वेगळा फोन कर.

तुझा,
बाबा