या वयात पेटी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर ‘आता या वयात पेटी वाजवायला काढून काय करायचे आहे’ असे म्हणून आईने विषय मिटवला आणि बाबांनीही तिचीच री ओढली. तेव्हा मला उत्तर सुचले नाही, म्हणून हे पत्र.

इथे नॉर्थ कॅरोलायनातल्या कारबरोत रेल्वेच्या रुळांना लागून एक सायकलमार्ग आहे, मी रोज त्यावरूनच कामाला जाते. त्याला गिटारवादक एलिझाबेथ कॉटन यांचे नाव दिलेले आहे. १८९३ साली या परिसरातच जन्मलेल्या या कृष्णवर्णीय बाई लहानपणीच लोकांच्या घरी कामाला लागल्या आणि साठवलेल्या पैशांतून त्यांनी पावणेचार डॉलरची गिटार घेतली. त्या डावखुऱ्या होत्या. (माझ्या डाव्या हातावरून तुम्ही मला कधी बोलला नाहीत, याबद्दल बाबांचे आभार मानायचे राहूनच गेले होते.) त्यांनी तारा न बदलता गिटार सरळ उलटी धरली, त्यामुळे खर्जाच्या जाड तारा खाली गेल्या आणि बारीक तारा वर आल्या. एरवी अंगठा खर्ज सांभाळतो आणि बोटे चाल वाजवतात, कॉटनबाईंची मात्र बोटे खर्ज धरीत आणि अंगठा चाल वाजवी. मी तसे करून पाहिले, पण दोन मिनिटांत माझा अंगठा भलत्याच तारेवर जाऊ लागला.

घराजवळून जाणाऱ्या मालगाड्यांवरचे ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणे त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या असताना रचले. पुढे लग्न झाले, मुलगी झाली, चर्चमधल्या मंडळींना असले ऐहिक संगीत पसंत नव्हते, आणि गिटार सुटली ती कित्येक दशके. वॉशिंग्टनमधल्या एका दुकानात नोकरी करताना चुकलेली एक लहान मुलगी त्यांनी आईकडे पोहोचवली. ती पुढे लोकगायिका झालेली पेगी सीगर. त्या ओळखीतून सीगर कुटुंबाच्या घरी त्या स्वयंपाकपाण्याच्या कामाला लागल्या. ते घर संगीतकारांचे होते. तिथली गिटार एक दिवस त्यांनी हाती घेतली आणि बोटांना जुने सगळे आठवू लागले. पेगीचा भाऊ माइक याने त्यांचे वादन ध्वनिमुद्रित केले आणि १९५८ साली फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली, तेव्हा त्या पासष्टीला आल्या होत्या. जाहीर कार्यक्रम सुरू झाले ते त्यानंतर. ग्रॅमी मिळाले १९८५ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर.

आई, तू सदुसष्ट वर्षांची आहेस, म्हणजे पहिली तबकडी निघाली तेव्हाच्या कॉटनबाईंपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी. तुला कोणी तबकडी काढायला सांगत नाही. पण माळ्यावरच्या पेटीचा भाता फाटला आहे हे मला ठाऊक आहे, आणि बाबांना ती खाली उतरवून दुरुस्तीला नेता येईल. भाता बदलताना मध्य सप्तकातला अडकणारा गंधारही पाहून घ्यायला सांगावे. पैसे मी आजच पाठवले आहेत.

तुमची,
धाकटी