‘प्रतिसाद मिळत नाही’ म्हणजे काय, हे आईला कळले नाही

महोदय,

माझा धाकटा भाऊ अतिदक्षता विभागात होता. पहाटे एक तरुण डॉक्टर बाहेर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, ‘पेशंटकडून आता प्रतिसाद मिळत नाही.’ आईने विचारले, ‘मग उद्यापर्यंत मिळेल ना?’ त्यांचा चेहरा उतरला, ‘सरांना पाठवतो’ असे काहीसे पुटपुटून ते आत गेले. भाऊ गेल्याचे आम्हाला पंधरा मिनिटांनी एका परिचारिकेने सांगितले. तोवर आई उद्याचाच विचार करत बसली होती.

त्या डॉक्टरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. श्वासनलिकेत नळी कशी घालायची, छातीवर दाब कसा द्यायचा, याचा सराव त्यांनी पुतळ्यावर केला असेल. ‘तुमचा मुलगा वारला’ हे वाक्य मात्र त्यांना कोणी एकदाही म्हणायला लावले नसावे.

अशी बातमी सांगणे अनुभवानेच येते, असे ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात. पण बोलताना पाहणारे आणि नंतर चूक दाखवणारे कोणी नसेल, तर अनुभवाने चुकीचीच सवय पक्की होते. हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी अमेरिकेत १९६३ मध्येच रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींना वैद्यकीय शिक्षणात आणले. डॉ. वॉल्टर बेल, डॉ. रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये वाईट बातमी सांगण्याची ‘स्पाइक्स’ ही सहा टप्प्यांची पद्धत मांडली: निवांत जागी बसावे, समोरच्याला आतापर्यंत काय समजले आहे ते विचारावे, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते पाहावे, मग सोप्या शब्दांत सांगावे, त्याच्या भावनांना जागा द्यावी आणि शेवटी पुढे काय करायचे ते ठरवावे. यातला दुसरा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. आम्हाला काय समजले आहे हे आधी विचारले असते, तर आई बरे होण्याची वाट पाहते आहे हे डॉक्टरांना लगेच कळले असते.

तरीही हे टप्पे नुसते पाठ करून घेऊ नयेत. ही पद्धत मुळात कर्करोगाच्या रुग्णाशीच बोलताना वापरण्यासाठी तयार झाली. मृत्यूची बातमी देताना ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे’ हा प्रश्न गैरलागू ठरतो. तिथे बातमी वाईट आहे याची एका वाक्यात कल्पना द्यावी, मग ‘मृत्यू झाला’ किंवा ‘वारले’ हाच शब्द वापरावा आणि त्यानंतर गप्प राहावे. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड असावे, कारण ती शांतता असह्य होऊन माणूस लगेच कागदपत्रांविषयी किंवा उपचारांच्या तपशिलाविषयी बोलू लागतो, आणि त्यातले घरच्यांच्या कानांपर्यंत काहीच पोहोचत नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, शिकाऊ डॉक्टरांनी आधी असे संभाषण प्रशिक्षित कलाकारासमोर करावे, मग ज्येष्ठांना प्रत्यक्ष बोलताना पाहावे आणि त्यानंतर ज्येष्ठ शेजारी बसलेले असतानाच स्वतः बोलावे. परीक्षेतही त्याला गुण असावेत, कारण ज्याला गुण नाहीत त्याचा सराव विद्यार्थी सहसा करत नाहीत. प्रत्येक खऱ्या संभाषणानंतर ज्येष्ठांनी दहा मिनिटे तरी त्या शिकाऊ डॉक्टरसोबत बसावे, कोणत्या वाक्यावर घोटाळा झाला ते विचारावे, आणि त्याला स्वतःला काय वाटते आहे तेही विचारावे. त्या पहाटे आमच्याकडून आत परतलेल्या डॉक्टरांना असे कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

आपली,
एक वाचक