प्रशिक्षण चारीपर्यंत पोहोचावे

नेदरलँड्समधील डेल्फ्टची जलशिक्षण संस्था १९५७ मध्ये सुरू झाली ती तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, ‘आमचे अभियंते शिकवून द्या’ अशी विनंती आल्यावर. काय शिकायचे हे मागणाऱ्याच्या गरजेवरून ठरले. आपल्याकडे परदेशी संस्थांशी पाणी-प्रशिक्षणाचे करार झाले की विमानात बसतात ते बहुधा वरिष्ठ अधिकारी. काही तर लवकरच निवृत्तही होतात! चारीवर, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्यावर, पाण्याची पाळी सांभाळणारे कालवा निरीक्षक, मोजणीदार, शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचे सचिव यांच्या वाट्याला काय येते?

महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने या संस्थांना पाणी मोजून, घनमापन पद्धतीने द्यायचे ठरले. त्यासाठी प्रवाहमापक वाचता आला पाहिजे आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला हिशेब पटवता आला पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील वाघाडच्या शेतकऱ्यांनी धरणाच्या लाभक्षेत्रातील पाणीवाटप स्वतः हाती घेऊन दाखवले आहे. परदेशी तज्ज्ञांनीही तिथे जाऊन शिकावे असे ते काम आहे.

पुढच्या करारात तज्ज्ञांनाच छत्रपती संभाजीनगरच्या ‘वाल्मी’ या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत बोलवावे, वर्ग मराठीत घ्यावेत आणि निम्म्या जागा पाणीवापर संस्थांना द्याव्यात.

– एक वाचक, पैठण