फाइलच्या नावातली स्पेस आणि दोष कोणाचा?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नौपाड्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात कारकून बाईंनी चालू सभासदांची कागदपत्रे 'यादी' या फोल्डरमध्ये आणि मागील वर्षांची 'यादी जुनी' या फोल्डरमध्ये ठेवली होती. जुने फोल्डर काढून टाकणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये (शेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेल्या फाइलमध्ये) फोल्डरचे नाव धरणाऱ्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हे नव्हती. त्यामुळे शेलने मधल्या स्पेसवर नाव तोडून 'यादी' आणि 'जुनी' अशी दोन नावे मानली, चालू 'यादी' पुसली आणि 'यादी जुनी' जागच्या जागी राहिली. बॅकअपमुळे कागदपत्रे परत मिळाली, पण बोल लागला तो बाईंना, आणि 'नावात स्पेस देऊ नये' अशी चिठ्ठी त्यांच्या टेबलावर चिकटवली गेली.

ही चिठ्ठी मला अन्यायाची वाटते. बाईंनी दोन शब्द सुटे लिहिले, जसे मराठीत लिहायचे असतात. लिनक्स या संगणकप्रणालीत फाइलच्या नावात तिरकी रेघ (/) आणि शून्य मूल्याचा बाइट एवढेच चालत नाही. स्पेस, टॅब, अगदी नवी ओळसुद्धा चालते. म्हणूनच फाइली शोधणाऱ्या फाइंड या आज्ञेकडून नावांची यादी ती पुढच्या आज्ञेला पुरवणाऱ्या एक्सआर्ग्जकडे पाठवताना फाइंडचा प्रिंट-झिरो आणि एक्सआर्ग्जचा झिरो हे पर्याय एकत्र वापरावे लागतात, म्हणजे नावे स्पेसऐवजी शून्य बाइटने वेगळी होतात. २००१ साली ॲपलच्या आयट्यून्स २ या गाणी वाजवण्याच्या प्रोग्रामच्या इन्स्टॉलरमध्येही अवतरणचिन्हे राहून गेली होती आणि डिस्कच्या नावात स्पेस असलेल्या काही जणांचा डेटा पुसला गेला होता.

न दिसणारी चिन्हे याहून अवघड. वेबपानावरून नाव चिकटवले की कधी साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस (जिथे ओळ मोडत नाही अशी स्पेस) येते. डोळ्याला फरक दिसत नाही, पण नावातले बाइट सोळा-आधारी आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्स डंपमध्ये २० च्या जागी सी२ ए० असते आणि हाताने टाइप केलेले नाव जुळत नाही. आपल्या 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र कोणी 'ऱ'ने लिहितो, तर कोणी साध्या 'र'चा पाय मोडून त्यानंतर शून्य रुंदीचे, म्हणजे न दिसणारे, जोडचिन्ह देऊन. संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात.

ठाणे व नवी मुंबईतील संगणक वर्गांना आणि तंत्रनिकेतनांना माझी विनंती आहे, की प्रात्यक्षिकाच्या फोल्डरमध्ये 'यादी' आणि 'यादी जुनी' शेजारी शेजारी ठेवावीत, एका नावाच्या शेवटी स्पेस असावी, एकात न तुटणारी स्पेस असावी, आणि विद्यार्थ्याची स्क्रिप्ट या सर्वांवर नीट चालली तरच गुण द्यावेत.

आपला,
एक संगणक प्रशिक्षक,
ठाणे (पश्चिम)