चिकटलेलं पान आणि तुझा कोर्स

प्रिय मनू,

काल फोनवर तू इतक्या घाईत होतीस की मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, आणि मागून बाबांचं सारखं "फी विचार, फी विचार" चालू होतं, म्हणून आता टाइप करतेय. चुका दिसल्या तर हसू नकोस.

नोकरी सांभाळून वाचन शिकवण्यातलं मास्टर्स करू का, असं तू विचारलंस. कर ना. पण कुठलं करायचं ते नीट बघून ठरव, कारण नाव सगळीकडे सारखंच असतं आणि आत काय असतं ते देव जाणे.

तुला एक किस्सा कधी सांगितला नाही, लाज वाटायची. माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता तेव्हा एक मुलगा धडे धडाधड वाचायचा, अगदी स्वल्पविरामाला थांबून वगैरे. एकदा त्याच्या पुस्तकाची दोन पानं डिंकाने चिकटली होती, मधला मजकूर दिसतच नव्हता, आणि हा पठ्ठ्या तो न दिसणारा मजकूरही वाचून मोकळा झाला, बोट आपलं भलत्याच ओळीवरून फिरतंय! स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. मग मी फळ्यावर त्याच धड्यातला 'सूर्य' लिहिला तर म्हणाला 'सूयर'. आता तूच बघ, रफार दिसतो य च्या डोक्यावर पण उच्चारायचा य च्या आधी, वेलांटीचंही तसंच, 'कि' मध्ये ती क च्या आधी काढतो आणि बोलतो नंतर. पोरगं डोळ्यांना जे ज्या क्रमाने दिसतंय ते प्रामाणिकपणे वाचत होतं. मी काय केलं? तो शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगितला. बीएड झालेली बाई मी, पण मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं कसं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

खूप नंतर कळलं की १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी एक साधं सूत्र मांडलं होतं, वाचन म्हणजे डिकोडिंग (अक्षरं बघून शब्द उलगडणं) गुणिले भाषेची समज. बेरीज नाही हं, गुणाकार! एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. माझ्या त्या मुलाची भाषा फर्स्ट क्लास होती, गोष्टी सांगायला लागला की आख्खा वर्ग गप्प, पण लिपी उलगडायच्या नावाने बोंब. आणि त्याच वर्गात एक मुलगी होती, कुठलंही पान घडाघडा वाचायची, अगदी नवीन पानसुद्धा, आणि काय वाचलंस विचारलं की नुसती बघत राहायची. म्हणजे दोघांची दुखणी अगदी उलट, आणि मी दोघांच्या पालकांना एकच औषध द्यायचे, "घरी रोज वाचन घ्या".

म्हणून कोर्स बघताना पहिला प्रश्न हा विचार की प्रत्यक्ष मुलांबरोबर किती तास, आणि ते तास बघायला कोण असतं. नुसतं "प्रॅक्टिकम आहे", म्हणजे मुलांबरोबरचं प्रत्यक्ष काम आहे, यावर जाऊ नकोस, कुठेकुठे तुमच्याच वर्गात करा आणि रिपोर्ट अपलोड करा एवढ्यावर भागवतात. शेजारी बसून, नाहीतर निदान व्हिडिओ बघून कुणीतरी सांगायला हवं की हे बघ, मूल अडलं आणि तू दोन सेकंदात शब्द सांगून टाकलास, ते स्वतःच सुधारणार होतं. ही सवय आपली आपल्याला दिसत नाही गं, मला तर रिटायर होईपर्यंत दिसली नाही.

दुसरं, तिथल्या सरांना किंवा मॅडमना सरळ विचार, मुलाला शब्द येत नसेल तर तुम्ही काय करायला सांगता. "चित्र बघ, पहिलं अक्षर बघ आणि अंदाज कर" असं उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघ. अंदाज तर कच्ची मुलं आधीच करत असतात, चांगला वाचणारा अक्षरंच बघतो, फक्त इतक्या पटकन की आपल्याला कळत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञांच्या समितीने २००० साली पाच गोष्टींवर भर दिला होता, ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनीचं नातं, वाचनाचा ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन. सिलॅबसमध्ये ही पाच नावं सगळेच छापतात, त्यात विशेष काही नाही. मुलाच्या वाचनाची तपासणी कशी करायची, डिस्लेक्सिया (हुशार मुलालाही वाचायला जड जाणं) आणि आपल्या लिपीचा विचार, यांना किती जागा दिलीय ते बघ.

आकलनाचं मात्र गंमतशीर आहे. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग छोट्या मैदानावर बाहुल्या हलवून काय घडलं ते दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्यांपेक्षा पुढे गेली! त्यामुळे आकलनाच्या नावाखाली नुसतं "मुख्य कल्पना शोधा"ची वर्कशीट्स करून घेणारा कोर्स असेल तर मला शंका येईल. मुलांना जग माहीत असायला लागतं, मग ते विज्ञानाच्या तासाला कळो नाहीतर गोष्टीतून.

आणि एक, ही डिग्री घेतलीस की काम फक्त मुलांशी राहत नाही, बाकीच्या शिक्षकांनाही सांगावं लागतं. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला तिशीतल्या पोरीने "तुमचं चुकतंय" म्हटलेलं कुणाला आवडतं? मला तर नसतंच आवडलं. तेव्हा कोचिंगचा, म्हणजे इतर शिक्षकांना कसं सांगायचं याचा, एखादा पेपर असेल तर तो बोअर म्हणून सोडू नकोस.

फीबद्दल बाबांशी बोल, मला त्यातलं कळत नाही, फक्त मोठं कर्ज काढायच्या आधी हे बघ की तुमच्याकडे या डिग्रीने पद किंवा पगार खरंच वाढतो का, की नुसतं कामच वाढतं.

तू पाठवलेला अर्जातला निबंध वाचला. पहिली ओळ "मला लहानपणापासून मुलं आवडतात" ती काढून टाक, ती सगळेच लिहितात. त्याऐवजी तुझ्या वर्गातल्या त्या मुलीचं लिही, जी 'घोडा' झटकन वाचते आणि 'घोड्यावर' आलं की थांबते. ती का थांबते असं तुला वाटतं तेही लिही, चुकलं तरी चालेल.

तुझी,
आई