तुझ्या वाट्याला आलेलं

प्रिय सई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुमचं दोघांचं चांगलं ते सगळं दादाने आधीच उचललं, मला उरलंसुरलं मिळालं." आणि लगेच विषय बदललास. ते वाक्य माझ्या मनाला लागलं. मी इतकी वर्षं आनुवंशिकता शिकवली आणि माझ्याच मुलीच्या डोक्यात हा हिशेब असावा, हे मला सहन होत नाही. म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहिते आहे.

माझ्या प्रत्येक पेशीत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती आहेत, एक तुझ्या आजीकडून आलेली आणि एक आजोबांकडून. बीजांड तयार होताना या जोडीतल्या प्रती एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, काही ठिकाणी तुटतात आणि एकमेकींचे तुकडे घेऊन पुन्हा सांधल्या जातात. एका बीजांडात अशा अदलाबदली सुमारे ४० होतात, शुक्राणूत २५ च्या आसपास. त्यामुळे तुला माझ्याकडून आलेली बहुतेक गुणसूत्रं नुसती आजीची नाहीत आणि नुसती आजोबांचीही नाहीत. दोघांच्या तुकड्यांची तशी जुळणी त्याआधी कुणाच्याच अंगात नव्हती, माझ्यासुद्धा नाही.

आता तुझ्या "आधीच उचललं" या तक्रारीकडे येते. ही अदलाबदल मुलीच्या अंडाशयात तिच्या जन्माआधी होते. मी आजीच्या पोटात होते तेव्हाच, दादा ज्यातून झाला आणि तू ज्यातून झालीस, त्या दोन्ही पेशींमधली तुटातूट आणि सांधणी पार पडली होती. मग त्या पेशी तशाच थांबून राहिल्या, कित्येक वर्षं. जोडीतलं कोणतं गुणसूत्र बीजांडात राहणार एवढं मात्र शेवटी ठरलं. म्हणजे दादा तुझ्याआधी जन्मला खरा, पण तुम्ही दोघं एकाच वेळी शेजारी शेजारी वाट पाहत होतात. त्याच्या पेशीने तुझ्या पेशीतलं काहीही घेतलं नाही. बाबांच्या बाजूने हे काम वयात आल्यापासून अखंड चालू असतं, तिथेही प्रत्येक शुक्राणूची वाटणी नव्याने होते.

तुटायचं कुठे हे कोण ठरवतं, हा भाग मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो. आपल्या पाचव्या गुणसूत्रावर पीआरडीएम-९ नावाचं एक जनुक आहे. शरीरभर ते जवळजवळ गप्प असतं, बीजांड आणि शुक्राणू घडवणाऱ्या पेशींत थोडा काळ जागं होतं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या एका टोकाला झिंक फिंगरची रांग असते. प्रत्येक फिंगर म्हणजे सुमारे २८ अमायनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांची, छोटी घडी. त्यांतली दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन नावाची आम्लं मधल्या जस्ताच्या एकाच अणूला धरून ठेवतात, आणि त्या पकडीमुळेच घडी सुटत नाही. जस्त काढून घेतलं तर आकारच विस्कटतो. घडीतला एक लहानसा वळसा डीएनएच्या खोबणीत शिरतो आणि डीएनएची साधारण तीन रासायनिक अक्षरं ओळखतो. अशा घड्या ओळीने लागल्या की लांबलचक मजकूर ओळखता येतो. ब्रेल वाचणारा माणूस बोटं फिरवून शब्द ओळखतो, तसं हे प्रथिन डीएनए उघडून न पाहता बाहेरूनच चाचपून आपली जागा शोधतं.

केंब्रिजमध्ये ॲरन क्लूग यांनी १९८५ मध्ये ही रचना पहिल्यांदा मांडली, तीही बेडकाच्या अंडपेशीतल्या एका प्रथिनावरून. आज माणसात या धाटणीची सुमारे ७०० जनुकं माहीत आहेत. बहुतेक जण कोणतं जनुक चालू किंवा बंद ठेवायचं ते पाहतात. पीआरडीएम-९ चं काम निराळं आहे. जागा सापडली की ते तिथल्या हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावर, रासायनिक खूण करतं, मग एसपीओ-११ नावाचं दुसरं प्रथिन येऊन डीएनएचे दोन्ही धागे तोडतं. अशी तोडफोड एका पेशीत शंभराहून जास्त ठिकाणी होते. बहुतेक ठिकाणी नुसती दुरुस्ती होते, थोड्या ठिकाणी खरी अदलाबदल.

ऑक्सफर्डच्या अभ्यासकांना २००८ मध्ये अदलाबदलीच्या जागांजवळ १३ अक्षरांचा एकच नमुना वारंवार दिसला होता. तो वाचणारं प्रथिन पीआरडीएम-९ आहे हे २०१० मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी एकाच सुमारास दाखवलं. माणसांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात १३ फिंगर असतात, पण कमी-जास्त असलेलेही प्रकार आहेत. फिंगर बदलले की वाचायचा मजकूर बदलतो आणि तोडायच्या जागाही बदलतात.

इथे एक विलक्षण गोष्ट आहे. तुटलेली प्रत दुरुस्त करताना नमुना म्हणून शेजारची न तुटलेली प्रत वापरली जाते. त्यामुळे ज्या प्रतीत तुटण्याजोगी अक्षरं आहेत तीच पुसली जातात आणि न तुटणारी टिकतात. पिढ्यान्पिढ्या हे चाललं की पीआरडीएम-९ आपल्याच जागा झिजवून टाकतं. पण त्याचे फिंगर लिहिणारा डीएनए ८४ अक्षरांच्या जवळजवळ सारख्या तुकड्यांचा आहे. नक्कल होताना त्यात तुकडे वाढतात, गळतात, बदलतात, आणि नवे फिंगर नव्या जागा शोधू लागतात. म्हणूनच माणूस आणि चिंपांझी यांचा डीएनए इतका सारखा असूनही अदलाबदलीच्या जागा मात्र जवळपास जुळतच नाहीत.

ही झीज किती महागात पडू शकते ते उंदरांत दिसलं. दोन उपजातींच्या काही संकरांत नर वांझ निपजतात, आणि त्यामागे हेच जनुक आहे हे प्रागमधल्या यिरी फोरेट यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखवलं. प्रत्येक उपजातीच्या पीआरडीएम-९ ने स्वतःच्या गुणसूत्रावरच्या जागा झिजवलेल्या असतात, मग संकरात ते मुख्यतः दुसऱ्याच्या गुणसूत्राला चिकटतं आणि जोड्या नीट जुळत नाहीत. ऑक्सफर्डच्या गटाने अशा उंदराच्या जनुकात माणसाच्या झिंक फिंगरची रांग बसवली आणि संकरित नर पुन्हा जननक्षम झाले. उंदराच्या डीएनएवर त्या फिंगरने अजून काहीच झिजवलेलं नव्हतं, दोन्ही प्रती त्यांना सारख्याच वाचता आल्या. २०१६ चा तो शोधनिबंध मी वर्गात प्रत्येक तुकडीला समजावून सांगितला आहे, दरवेळी तितक्याच उत्साहाने.

हे जनुक नसेल तर उंदीर वांझ राहतो. कुत्र्यांत ते केव्हाच निकामी झालं आहे, तरी त्यांचं बरं चाललंय. त्यांच्यात अदलाबदल जनुकांच्या सुरुवातीच्या भागांजवळ होते. आणि २०१६ मध्येच एक स्त्री आढळली, तिच्या दोन्ही प्रती निकामी, तरी ती स्वतः निरोगी आणि आई झालेली. तिच्या मुलातल्या अदलाबदली नेहमीच्या जागांपासून दूर सापडल्या.

एक गैरसमज होऊ देऊ नकोस. पीआरडीएम-९ हुशारी, गळा किंवा उंची वाटत नाही. तुकडा कुठे तुटेल एवढंच ते पाहतं, त्या तुकड्यात काय आहे याचं त्याला सोयरसुतक नसतं. दादाला गणित जमतं त्यामागे असंख्य जनुकांचे लहान लहान धागे आहेत, आणि त्याने घासलेल्या पाट्याही आहेत, त्या तू विसरतेस. तुझा सुरांचा कान आमच्यापैकी कुणाकडेच नाही. आजोबांचा असावा असं आजी म्हणते, मला मात्र तो निव्वळ तुझा वाटतो.

तुझ्यातही पीआरडीएम-९ च्या दोन प्रती आहेत, एक माझ्याकडची, एक बाबांकडची. त्यांच्या फिंगरची संख्या सारखीच असेल असं नाही. त्यांनी तुझं काम केव्हाच उरकलं आहे, तू माझ्या पोटात होतीस तेव्हा. माझे आणि बाबांचे तुकडे तुझ्या पेशींत तेव्हाच एकमेकांत मिसळले. मूल हवं की नको हे तुझं तू ठरवशील, माझा त्यात शब्द नाही. पण दादाशी तुलना करायची हुक्की पुन्हा आली तर आधी मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई