शपथेतला ‘मी’ आणि अपिलाची मुदत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून साक्षीदारांना शपथ देण्यात माझी उभी नोकरी गेली. ‘तुमची शपथ कायदेशीर असल्याचे आधी दाखवा, नाहीतर तुमचा आदेश मला लागू नाही,’ अशा आशयाचा जो तयार मसुदा सध्या मोबाइलवरून फिरतो आहे, त्याविषयी लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

आमच्या परिचयातील एका शेतकऱ्याच्या तक्रारी फेरफाराचा (जमिनीच्या नोंदीतील बदलावर हरकत आलेल्या प्रकरणाचा) निकाल तहसीलदारांनी त्यांच्याविरुद्ध दिला. प्रांतांकडे अपील करण्यास साठ दिवस होते. हा गृहस्थ कोणा ‘जाणकारा’ला पैसे मोजून बावीस पानी अर्ज घेऊन आला आणि त्यात तहसीलदारांची सही केलेली शपथ व जामीनरोखा (पदाच्या कामाबद्दल दिलेली पैशांची हमी) यांच्या सत्यप्रती मागितल्या. जामीनरोखा कशासाठी, हे अर्जदारालाही सांगता येईना. अमेरिकेतील काही राज्यांत विशिष्ट अधिकाऱ्यांना शपथेबरोबर असा रोखा द्यावा लागतो आणि स्वतःला ‘सार्वभौम नागरिक’ म्हणवणारी तिकडची मंडळी त्यातील उणिवा शोधून कर व दंड चुकवू पाहतात. तिकडच्या न्यायालयांनी हे युक्तिवाद वारंवार फेटाळले आहेत. तोच माल इकडे मराठीत उतरवून विकला जातो आहे. आपल्याकडे पदाच्या शपथांचे नमुने देणाऱ्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत तहसीलदाराचे पद येतच नाही. त्याचे अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि शासनाचा नेमणूक आदेश यांतून येतात.

ज्यांना घटनेने शपथ सांगितली आहे, त्यांच्याबाबतही न्यायालयांची भूमिका सरळ आहे. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय यांनी शपथ घेताना नावाआधी ‘मी’ म्हटले नाही, म्हणून ती सदोष आहे, अशी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली होती. राज्यपालांनी शपथ दिली आणि न्यायमूर्तींनी त्यावर सही केली, एवढ्यावर तो आक्षेप संपला आणि याचिकाकर्त्याला पाच लाख रुपये खर्च बसला. त्याआधी देवीलाल यांनी ‘मंत्री’ऐवजी ‘उपपंतप्रधान’ म्हणून शपथ घेतल्याचा वादही सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तो शब्द केवळ वर्णनापुरता असून ते मंत्रीच आहेत, असे न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले.

म्हणून शपथेच्या शब्दांना किंमत नाही, असे मात्र कोणी समजू नये. केरळमधील एका आमदाराने ईश्वराऐवजी समाजसुधारक श्रीनारायण गुरूंच्या नावाने घेतलेली शपथ घटनेतील नमुन्यात बसत नसल्याचे तेथील उच्च न्यायालयाने ठरवले होते. आपल्या राज्यातही ३० डिसेंबर २०१९ रोजी मंत्री के. सी. पाडवी यांनी पदरचे काही शब्द जोडताच राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली. चूक तिथल्या तिथे दुरुस्त झाली, हेच योग्य होते. शपथ न घेताच सभागृहात बसणाऱ्या आमदारास अनुच्छेद १९३ नुसार दिवसाला ५०० रुपये दंड आहे. पण अपात्र व्यक्ती सभागृहात बसली वा तिने मत दिले म्हणून कामकाज रद्द होत नाही, असे अनुच्छेद १८९ स्पष्ट सांगतो. न्यायाधीशांबाबत १९८१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय याच अंगाने जातो: नेमणूक पुढे रद्द ठरली तरी त्या अधिकाराच्या खुर्चीवरून आधी दिलेले निकाल टिकतात. तसे नसते तर एकाच्या नेमणुकीतील दोषापायी शेकडो पक्षकारांना पुन्हा पहिल्यापासून दावा चालवावा लागला असता.

माझ्या कामातही हे रोज दिसे. एक वयस्कर साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून ‘ईश्वरसाक्ष’ म्हणेना. ‘जोतिबाची आण घेतो, ती मी मोडत न्हाई,’ एवढेच त्याचे म्हणणे. साहेब हसले, त्यांनी मला छापील शब्द पुन्हा सावकाश सांगायला लावले आणि म्हातारबुवांनी ते म्हटले. वर जोतिबाचे नावही घेतलेच. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. घेतली असती तरी शपथ अधिनियम, १९६९ च्या कलम ७ प्रमाणे शपथ देण्यातील अनियमिततेमुळे साक्ष बाद होत नाही.

सहा जिल्ह्यांतील वकील व पक्षकारांनी वर्षानुवर्षे आंदोलन केल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. तिथला आणि महसूल कार्यालयांतला वेळ असल्या अर्जांवर जाऊ नये, यासाठी खालच्या स्तरावरही असे अर्ज पहिल्याच तारखेला निकाली निघावेत आणि मसुदे विकणाऱ्यांविरुद्ध वकील संघटनेने जाहीर सूचना काढावी, अशी माझी विनंती आहे.

त्या शेतकऱ्याचे साठ दिवस सत्यप्रतींची वाट पाहण्यात गेले. आता त्यांनी अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडला आहे. त्यासाठीचे प्रतिज्ञापत्र त्यांनी त्याच तहसील कार्यालयात, नायब तहसीलदारांसमोर केले. नायब तहसीलदारांची शपथ मात्र या वेळी कोणी मागितली नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
कसबा बावडा, कोल्हापूर